हरकत नाही असं धरून

बाबा,

तुमच्या जावयांनी नोएडाचं घर सोडून मुलाकडे गुरुग्रामला राहायला जायचं ठरवलं, आणि ही बातमी मला शेजारणीकडून कळली. डिसेंबरातली दुपार होती. सोसायटीच्या मागच्या हिरवळीवर आम्ही चौघीजणी उन्हाकडे पाठ करून बसलो होतो, प्रत्येकीच्या पुढ्यात मटारच्या शेंगांचा ढीग. दिल्लीची थंडी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. घरात हाडं गोठतात आणि बाहेर उन्हात येऊन बसलं की माणूस पुन्हा माणसात येतो. आमच्या सोसायटीत सगळे केंद्र सरकारातले निवृत्त लोक, त्यामुळे दुपारी कुणालाच कुठे जायची घाई नसते. समोरच्या ब्लॉकमधली पंजाबी बाई शेंगा सोलता सोलता मला म्हणाली, "भाभीजी, आप लोग गुड़गाँव शिफ्ट हो रहे हो और हमें बताया तक नहीं?" तिच्या मिस्टरांना सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं, आणि सेक्रेटरींना ह्यांनी. मी हसून वेळ मारून नेली. अजून कुठे काय, बघू, असं काहीतरी म्हटलं, जसं काही मला सगळं ठाऊकच होतं. आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला लोकांकडून कळते हे चारचौघींत कसं दाखवायचं? त्यानंतर बराच वेळ मी सालं ताटात आणि दाणे कचऱ्याच्या पिशवीत टाकत होते. शेजारच्या बंगाली बाईंनी हात धरला तेव्हा लक्षात आलं.

घरी आले तर हे जेवणाच्या टेबलाशी बसून मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर हाच त्यांचा सेक्शन आहे. धणेपूड कुठे आणि जिरेपूड कुठे हे मला छत्तीस वर्षं डोळे मिटून कळत आलं, आता चिठ्ठ्या आल्यापासून मला सापडेनासं झालंय. मी विचारलं, गुरुग्रामचं काय ऐकते आहे मी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि खोटं नाही सांगत बाबा, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "ग्रुपवर टाकलं होतं की," म्हणाले. मग मोबाइल काढून आमच्या घरच्या ग्रुपवरचा तो मजकूर दाखवला. वर विषय, खाली ओळीने मुद्दे. मुलाची नोकरी, नातीची शाळा, दोघांची वाढती वयं, इथला फ्लॅट भाड्याने देता येईल, वगैरे. आणि शेवटी, रविवारपर्यंत कुणाची हरकत कळवली गेली नाही तर ती नाही असं धरण्यात येईल. पाण्याच्या टाकीची सफाई असो की गॅसचं सिलिंडर, ह्यांचे सगळे निरोप असेच येतात. मी ते उघडते आणि मिटते. वाचायचं केव्हाच सोडून दिलंय. रविवार होऊन गेला होता. मुलाने होकाराचा अंगठा टाकला होता, आणि मी काहीच नाही.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुझ्या बाबांचीच तर पद्धत आहे." म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. त्यांच्याशी भांडून झालं, ते पुढे सांगतेच. पण खरं भांडण तुमच्याशी आहे.

तुम्हाला आठवतं का आपलं मुनिरकाच्या बाजूचं सरकारी क्वार्टर? तेव्हा मुनिरका म्हणजे म्हशींचं गाव होतं, तुम्ही सकाळी कॅन घेऊन तिथून दूध आणायचात. आता त्या गल्ल्यांत इमारतीला इमारत चिकटली आहे आणि आपल्याकडची, लातूर-बुलढाण्याकडची मुलं तिथे खोल्या घेऊन सरकारी परीक्षांचा अभ्यास करतात. तर त्या क्वार्टरात रात्रीच्या जेवणाला तुम्ही विषय मांडायचात. कूलर कुठल्या खिडकीत बसवायचा, मे महिन्यात गावाला कधी निघायचं, दादाला कुठल्या शाळेत घालायचं. मांडून झाला की तुम्ही दहीभात कालवायला घ्यायचात. दहीभात संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही की हात धुवायला उठता उठता म्हणायचात, मग ठरलं. मंत्रालयात कागद फिरतो तसा तुम्ही घरात विषय फिरवायचात. सगळ्या विभागांना कागद पाठवायचा, तारीख द्यायची, आणि ज्याचं उत्तर येणार नाही त्याची हरकत नाही असं धरायचं. मोठी झाल्यावर मीही त्याच खात्यात, तसल्याच सेक्शनमध्ये ते करत आले. पण मला ते आधी कळलं आपल्या स्वयंपाकघरात.

आणि तुम्ही काही हुकूमशहा नव्हतात, हे मी कुणालाही सांगेन. हरकत घेतली की तुम्ही ऐकायचात. बारावीनंतर मला टायपिंगच्या क्लासला घालायचं तुम्ही मांडलंत तेव्हा मी तोंडातला घास तसाच ठेवून नाही म्हटलं होतं. मला कॉलेजला जायचं होतं. तुम्ही हातातला भात खाली ठेवलात. कुठलं कॉलेज, कुठल्या बसने जाणार, पुढे काय करणार, असं शांतपणे विचारलंत, आणि मी जे काय अर्धवट बोलले ते सगळं ऐकून घेऊन 'बरं' म्हणालात. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून भर उन्हात माझ्या ॲडमिशनच्या रांगेत तुम्ही स्वतः उभे होतात, डोक्यावर ओला रुमाल टाकून. माझ्या मैत्रिणींच्या वडिलांपैकी असं कुणी केलं नव्हतं. मी किती तरी वर्षं तो रुमाल टाकलेला माणूस मनात घेऊन वावरले. आमच्या घरात सगळ्यांना विचारतात, असं मी मैत्रिणींना तोऱ्यात सांगायचे.

पण बाबा, आई त्या पंगतीत नसायची. मी, दादा आणि तुम्ही पाटावर, आणि ती आत रॉकेलच्या स्टोव्हपाशी. तुम्हाला पोळी तव्यावरून थेट पानात लागायची. तो स्टोव्ह असा भणाणायचा की आत बसलेल्याला बाहेरचं अक्षर ऐकू यायचं नाही. ती पोळी घेऊन यायची, वाढायची आणि पुढची करपेल म्हणून पळायची. तुमचा विषय मांडून, फिरून, ठरून जायचा तेव्हा ती कणीक तिंबत असायची. कूलर बसवून झाल्यावर एकदा ती म्हणाली होती, की वारा थेट देवघरावर येतो, निरांजन टिकत नाही. तुम्ही म्हणालात, "तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होतीस?" तुम्ही हसत म्हणालात, आम्हीही हसलो. ती निरांजनापुढे पुठ्ठा उभा करायला लागली. तो पुठ्ठा पुढे कित्येक वर्षं तिथे होता. आता मला तुम्हाला एवढंच विचारायचंय, की तिच्यापर्यंत तुमचा आवाज पोचत नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं का? तुमच्या सेक्शनमधून कागद गेला तर तो पोचला की नाही, पोच आली की नाही, हे बघितल्याशिवाय तुम्ही घरी यायचा नाहीत.

साताऱ्याला जायचंही असंच ठरलं. तुमची निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं. माझं लग्न झालं होतं, हे आणि मी त्या रविवारी जेवायला आलो होतो. तुम्ही सांगितलंत की साताऱ्याच्या घराचं काम पुरं झालंय, दिवाळीनंतर सामान हलवायचं, कुणाला काही म्हणायचंय का. आत स्टोव्ह चालूच होता. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट, तुमचं दोघांचं आधी बोलणं झालंच असणार. परतताना स्कूटरवर हे मला म्हणाले की तुझ्या घरात काय लोकशाही आहे, आमच्याकडे तर काकांनी ठरवलं की बाकीच्यांनी बोचकी बांधायची. ह्यांना तुम्ही भारीच आवडायचात. ऑफिसातली कुठलीही अडचण घेऊन ते तुमच्याकडे यायचे, आणि तुम्हीही स्वतःच्या मुलाला शिकवलं नसेल इतकं त्यांना शिकवलंत. शिष्य चांगला निघाला.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी मुलाला घेऊन साताऱ्याला आले होते. आईने दुपारी चटई काढली, परातीत शेंगा घेतल्या आणि मला म्हणाली चल, उन्हात बसू. आम्ही गच्चीवर गेलो. साताऱ्याचं ते ऊन, बाबा! पाच मिनिटांत डोकं तापलं. तिने चटई ओढत ओढत पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेली. शेजारच्या अंगणातल्या वहिनींना तिने हाक मारली, या ना, बसू गप्पा मारत. त्या वर मान करून म्हणाल्या, एवढ्या उन्हात कशाला बसायचं बाई, घरं काय ओस पडलीत? आईने मला हे हसून हसून पुन्हा सांगितलं, मी तिथेच असताना. भाजीवाल्याला ती अजून भैया म्हणायची, लोक तिला 'दिल्लीवाल्या' म्हणायचे. तीस वर्षं दिल्लीत ती 'मराठीवाली आंटी' होती आणि आपल्या गावी येऊन दिल्लीवाली झाली. क्वार्टरच्या मागे तिच्या ज्या सहा-सात जणी जमायच्या, स्वेटर विणत, लोणच्याचे गाजर-मुळे चिरत, एकमेकींच्या सासवा आणि बदल्या चिवडत, त्यांतल्या कुणाचंही पत्र आलं की ती ते देवघरात ठेवायची.

त्याच संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. मी तिथेच लसूण सोलत होते. स्टोव्ह जाऊन गॅस आला होता, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तुम्ही तिला विचारलंत, तुला इथे करमत नाही का? ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आता विचारताय होय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, तुम्हाला उत्तर तरी देता आलं असतं. तुम्ही बागेत पाणी घालायला निघून गेलात, आदल्या रात्री अवकाळी पाऊस होऊन गेला होता तरी. त्यानंतर तुमच्यात त्यावर काही बोलणं झालं की नाही मला माहीत नाही. आई गेली, तिच्या मागोमाग तुम्ही गेलात. मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तिचं ते वाक्य तुम्ही ऐकलंत, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

मी सेक्शन ऑफिसर झाले तेव्हा तुम्ही साताऱ्याहून दिल्लीला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती एक पांढराशुभ्र टॉवेल पाठवला होतात. अधिकाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल हवाच, असा निरोप. सेक्शन ऑफिसरला कसला आलाय टॉवेल, तो मान त्याच्या पुष्कळ वरच्यांचा. पण मी पहिल्या दिवशी तो खुर्चीवर टाकला आणि सगळा सेक्शन हसला. त्याच निरोपात तुम्ही कळवलं होतंत की कुठल्याही कागदावर गप्प बसू नकोस, पटत नसेल तर तसं लिही. मी लिहिलं, बाबा. आमच्या विभागाचं उत्तर न येताच आमची संमती धरून एक प्रस्ताव वर गेला होता, तेव्हा मी तो परत आणवला. मोठे साहेब चिडले, जॉइंट सेक्रेटरींपर्यंत बोलावणं झालं. मी हटले नाही. मला सेक्शनमध्ये पाठीमागे काय काय म्हणायचे ते मला माहीत आहे, पण माझं मत कुणी गृहीत धरत नसे. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांनी ठरवलेल्या भिंतीच्या रंगाकडे बघत चहा प्यायचे. घरात कुठे शब्द वाढवायचा, असं वाटायचं. दिवसभर भांडून आल्यावर घरी निवांतपणा हवा असतो, आणि गप्प राहिलं की तो मिळतो.

तर आता आमच्या भांडणाचं. मी ह्यांना सांगितलं की मी येणार नाही. ते म्हणाले, तेव्हा बोलली नाहीस. मी म्हटलं, तेव्हा मला विचारलंच नव्हतंत. ते पुन्हा तेच, ग्रुपवर टाकलं होतं. मग मात्र माझा ताबा सुटला.

"मी ग्रुप नाही," मी म्हटलं. "मी समोर बसलेली असते. रोज तीन वेळा तुमच्यासमोर जेवते."

ते डबे एकावर एक रचत राहिले. त्या आठवड्यात आमच्यात मीठ दे, पाणी दे एवढंच बोलणं. मधे सुनेचा फोन आला. ती लखनौची, माझ्याशी हिंदीत बोलते, आणि सरळ मनाची आहे. तिने विचारलं, "मम्मीजी, आपसे किसी ने पूछा था ना?" मी तिला सांगितलं, हो, विचारलं होतं. का सांगितलं कुणास ठाऊक. बाहेरच्या माणसापुढे नवऱ्याची बाजू सावरायची, हे मी आईच्या पोटातूनच शिकून आले असेन. फोन ठेवल्यावर माझा मलाच इतका राग आला की मी बाहेर जाऊन सोसायटीला तीन फेऱ्या मारून आले.

नंतर एका सकाळी हे चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मी काही न विचारताच म्हणाले, "मला इथे भीती वाटते गं." मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग हळूहळू सांगायला लागले. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ एकटे राहतात. गेल्या उन्हाळ्यात ते न्हाणीघरात पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. दार तोडायला जे लोक गेले त्यांत हे होते. गृहस्थ वाचले, मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. ह्यांनी मात्र त्याच आठवड्यात आमच्या न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली होती. कशाला हवी कडी, दोघं तर माणसं, असं म्हणाले होते, आणि तेव्हापासून मी आंघोळीला गेले की आत कुणी आहे हे कळावं म्हणून मोठ्याने गुणगुणते. मी त्याची चेष्टा करत आले. त्यामागे हे असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रात्री जाग आली की तुझा श्वास ऐकतो, म्हणाले. फोन वाजत नाही, ज्यांच्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी शब्द टाकले ते पार्कात मान वळवून जातात, तुला तुझ्या बायका आहेत, मला इथे कोण आहे? मी दिवसभर डब्यांवर चिठ्ठ्या लावतो, त्या मला काय आवडतात म्हणून लावतो का?

मी तुम्हाला खरं सांगते, मला त्यांची इतकी दया आली आणि त्याच वेळी इतका संताप आला. एवढं सगळं पोटात होतं आणि ग्रुपवर काय टाकलं, तर नातीची शाळा आणि वाढती वयं. भीती वाटते, हे दोन शब्द मला पहिल्याच दिवशी सांगितले असते तर मी कदाचित त्याच दिवशी बॅग भरली असती. तुमचंही तसंच होतं का बाबा? क्वार्टर गेलं, लाल दिव्यांच्या गाड्यांना सलाम करत आणि करवून घेत गेलेली नोकरी गेली, आता या दिल्लीत आपल्याला कोण ओळखणार, अशी धास्ती तुम्हाला बसली होती का? आईला तुम्ही रात्री उशाशी हे सांगितलं असतंत तर ती तुमच्याबरोबर हसत आली असती. माझी खात्री आहे. ती तुमच्यासाठी कुठेही गेली असती. तिला फक्त कुणी 'चल' म्हणायला हवं होतं.

पण माझी खात्री आईविषयी आहे, माझ्याविषयी नाही. मी बॅग भरली नाही. मी ह्यांना म्हटलं की मला तिथे तेविसाव्या मजल्यावर श्वास कोंडल्यासारखं होतं. तिथे ऊनसुद्धा काचेतून येतं. खाली उतरायचं तर लिफ्ट, गेट, ॲपवर नोंद, आणि खाली उतरून भेटायचं कुणाला, सगळ्या घरांतली माणसं ऑफिसात. मी तिथे गेले की आईसारखी टाकीची सावली शोधत फिरेन. टाकीचा संदर्भ त्यांना कळला नाही, पण बाकीचं कळलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत एक विचित्र तोडगा काढला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दोघांनी मिळून ठरवलं आणि तेच असं निघालं. नातीला सांभाळणारी बाई अचानक सोडून गेली होती, तर ह्यांनी काही दिवस तिकडे जाऊन राहायचं. बघू, कसं वाटतं. मी इथे. मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. हातात औषधांचा डबा, पाठीवर नातवंडांसारखी सॅक. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे गेल्यावर ते मागे वळले आणि काहीतरी म्हणाले, ते त्या गर्दीत मला ऐकू आलं नाही. मी हात हलवला.

त्याला आता बरेच दिवस झाले. शेजारणी रोज विचारतात, भाईसाहब कब आ रहे हैं. मी म्हणते, नातीचं चाललंय, येतील. मुलगा म्हणतो, आई, बाबांना इथे छान वाटतंय, नातीला शाळेच्या बसवर सोडायला तेच जातात, खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त कर्नलशी त्यांचं जमलंय. ऐकून मला बरं वाटतं. त्यांना रात्री जाग येत नाही म्हणे आता. आणि इथे मी सकाळी उठते, चहा एकदाच करते, वर्तमानपत्र आधी मी वाचते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच आहेत. मला वाटलं होतं की घर खायला उठेल. सगळ्यांनी तसं सांगितलं होतं. संध्याकाळी दिवे लागले की कसंतरी होईल, जेवण जाणार नाही. मी वाट बघत राहिले त्या कसंतरी होण्याची.

काल दुपारी चार वाजता त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. नंतर, बाबा, त्यांनी मला विचारलं. मुद्दे नाहीत, तारीख नाही, ग्रुप नाही. नुसतं मला. "मी परत तिकडे येऊन राहिलो, तर तुला आवडेल का?" इतकं हळू विचारलं, की पहिल्या रात्री खोलीचा दिवा मालवू का असं त्यांनी विचारलं होतं तो आवाज आठवला. भीती वाटत असूनही ते यायला तयार होते. मी ज्यासाठी भांडले, तुमच्याशी इतकी पानं भांडते आहे, ते एका बायकोला मिळायला हवं असलेलं विचारणं माझ्या कानाशी येऊन थांबलं होतं.

मी म्हटलं, "चालेल."

त्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. चालेल आणि आवडेल यांत काय अंतर आहे हे त्यांना कळतं, ते काही खुळे नाहीत. येणार की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी परत फोन लावला नाही. काल संध्याकाळपासून हे लिहिते आहे, आणि तुम्हाला दूषणं देता देता मला कळून चुकलंय की तुमच्याकडे हे कागद पोचणार नाहीत म्हणूनच मी लिहू शकते आहे. आईला मी हे सांगू शकले नसते. तिने आयुष्यभर वाट बघितली आणि तिला उशिरा का होईना कुणी विचारलं, तर तिच्याजवळ उत्तर तयार होतं. माझ्याजवळ नव्हतं. बाबा, ते गेल्यापासून मला त्यांची आठवण येत नाही.